भिंत हलणार की कपाट: आर्किटेक्ट आणि इंटिरियर डिझायनर

घराचं नूतनीकरण काढलं की आपण म्हणतो, 'एखादा आर्किटेक्ट बघायला हवा.' आणि घरी येतात ते पुष्कळदा इंटिरियर डिझायनर असतात. दोघंही टेप घेऊन मोजमापं घेतात, प्लॅन काढतात, संगणकावर देखणी चित्रं दाखवतात. दोघांच्याही ओळखीचे सुतार-गवंडी असतात. घरमालकाचा गोंधळ उडाला तर त्यात नवल काय!

'बाहेरचं आर्किटेक्ट बघतो, आतलं इंटिरियरवाला' ही फोड सगळ्यांच्या तोंडी असते. नव्या बांधकामाला ती कशीबशी लागू पडते, पण नूतनीकरणातलं बहुतेक काम आतच चालतं, त्यामुळे इथे तिचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा असं विचारावं: या कामात घराचं वजन, पाणी किंवा हवा-उजेडाची वाट बदलणार आहे का? बदलणार असेल तर आधी आर्किटेक्ट. नसेल तर चांगला डिझायनर पुरतो, आणि अनेकदा तोच जास्त कामाचा ठरतो.

वजनाचं आधी बघू, कारण फसगत इथेच होते. काँक्रीटच्या सांगाड्याच्या घरात भार बीम आणि कॉलमवर असतो, मधल्या विटांच्या भिंती बहुधा नुसता आडोसा करतात. भारवाहक भिंतींच्या जुन्या घरात मात्र स्लॅब त्या भिंतीवरच टेकलेला असतो. गिलावा आणि रंग चढला की दोन्ही भिंती सारख्याच दिसतात. 115 मिमीची भिंत पार्टिशनची आणि 230 मिमीची भाराची, हा ठोकताळा अंदाजापुरता ठीक आहे, त्यावर विसंबून ब्रेकर लावायचा नसतो. चांगला आर्किटेक्टही इथे स्वतः निकाल देत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावतो. 'पाडू हो, काही होत नाही' असं पहिल्याच भेटीत जो म्हणतो, त्याची पदवी कोणतीही असो, त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

भिंतीचं तरी लक्षात येतं. फरशीचं येत नाही. जुनी फरशी न उखडता वर ग्रॅनाइट बसवणं हे वरवर सजावटीचं काम वाटतं. हिशेब करून बघा. 20 मिमी जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन दर चौरस मीटरला साधारण 54 किलो, त्याखालच्या 40 मिमी मसाल्याचं साधारण 80 किलो, म्हणजे एकूण 130 किलोच्या वर. राहत्या घराचा स्लॅब माणसं आणि सामानासाठी साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो धरून केलेला असतो. म्हणजे एकही पलंग मांडायच्या आत त्यातला अर्ध्याहून जास्त भार संपला. काम सजावटीचं, प्रश्न बांधकामाचा.

पाण्याचंही तसंच. संडास आहे तिथून 3 मीटर सरकवायचा ठरला आणि सांडपाण्याच्या पाइपला 40 ला 1 असा उतार दिला, तर दुसऱ्या टोकाला पाइप 75 मिमी खाली जातो. त्यात पाइपची स्वतःची 110 मिमी जाडी मिळवा. हे 185 मिमी कुठे लपवणार? एक तर बाथरूमला पायरी येईल, नाही तर खालच्यांच्या छतात शिरावं लागेल. रंगीत चित्रात हे दिसत नाही, दिसतं ते सेक्शनमध्ये, म्हणजे घर उभं कापल्यासारख्या नकाशात. म्हणून भिंती किंवा पाणी हलणार असेल तर पहिल्या आराखड्यासोबत सेक्शन मागा. समोरचा माणूस किती पाण्यात आहे ते तिथेच कळतं.

यावरून डिझायनर म्हणजे दुय्यम, असं कोणी समजू नये. हँगरवरचा शर्ट दारात अडकू नये म्हणून कपाट आतून 550 ते 600 मिमी खोल लागतं. ओटा स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरापेक्षा 10 ते 15 सेंटीमीटर खाली असला की खांदे भरून येत नाहीत. दार उघडल्यावर बटण दारामागे जाता कामा नये. हे सगळं डिझायनरच्या बोटांवर असतं. उत्तम आर्किटेक्टनं केलेल्या घरातही प्लग नेमका कपाटामागे सापडतो, तो उगाच नाही.

कायदाही दोघांना एका मापानं मोजत नाही. भारतात 1972 च्या आणि ब्रिटनमध्ये 1997 च्या कायद्यानं 'आर्किटेक्ट' हे बिरुद नोंदणी असलेल्यांनाच लावता येतं. 'इंटिरियर डिझायनर' या नावाला या दोन्ही देशांत असं कुंपण नाही. त्यामुळे आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक बिनदिक्कत विचारावा, आणि डिझायनरचं झालेलं काम जाऊन बघावं, तेही नुकतं हस्तांतरित केलेलं नव्हे, तर दोन-तीन वर्षं वापरलेलं. बिजागऱ्या खरं बोलतात.

फीबद्दल थोडं. आर्किटेक्टची फी खर्चाच्या टक्क्यांत असेल तर खर्च वाढला की फीही वाढते. जुन्या घरात खर्च हमखास वाढतो, म्हणून मला ठोक रक्कम आणि कामाच्या टप्प्यांनुसार हप्ते बरे वाटतात. डिझायनर स्वतःच काम करून देणार असेल तर डिझाइनची फी वेगळी आणि सामानाचा भाव वेगळा लिहून घ्यावा, नाही तर प्लायवूडमध्ये काय दडलंय ते कळत नाही. साइटवर किती वेळा येणार, हा आकडाही दोघांकडून लेखी हवा. 'देखरेख' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो.

दोघंही लागणार असतील तर आर्किटेक्ट आधी, हे उघड आहे. पण डिझायनरला रंगाच्या वेळी बोलावणं म्हणजे फार उशीर. भिंतीत विजेच्या नळ्या बसवण्याआधी पलंग, ओटा आणि टीव्हीची जागा त्याच्याकडून नकाशावर पक्की करून घ्यावी, आणि तो नकाशा आर्किटेक्टच्या हातात द्यावा. इलेक्ट्रिशियनकडे तोच एक कागद गेला पाहिजे.