खरेदी कार्ड, कार्यालयीन

खरेदी कार्ड, कार्यालयीन : संस्थेने कर्मचाऱ्याच्या हाती दिलेले, कामाला लागणाऱ्या किरकोळ वस्तू व सेवा थेट घेण्यासाठीचे बँक कार्ड. दिसायला ते वैयक्तिक क्रेडिट कार्डासारखेच असते. नेहमीच्या पद्धतीत मागणीपत्र, कोटेशने, तुलनातक्ता, पर्चेस ऑर्डर असा कागद चारपाच जणांच्या हाताखालून जातो आणि मग चेक निघतो. कार्डाच्या व्यवहारात पैसे आधी जातात, तपासणी मागाहून होते. ते जबाबदारीने वापरण्याचे बहुतेक नियम या उलट्या क्रमातून आलेले आहेत, आणि बहुतेक गैरप्रकारही त्यातूनच.

अमेरिकेच्या केंद्र सरकारी खात्यांत ही पद्धत रुजण्यास १९९४ च्या खरेदी सुधारणा कायद्याने मोठा हातभार लावला. २,५०० डॉलरपर्यंतच्या खरेदीला त्याने बऱ्याच औपचारिकतांतून मोकळे केले. दोन पंखे घ्यायचे आणि त्यांच्या कागदपत्रांवर पंख्यांपेक्षा जास्त खर्च करायचा, हे टाळणे हा हेतू. १९९८ मध्ये तिथे ‘स्मार्टपे’ ही सरकारी कार्ड योजना सुरू झाली आणि २०१२ मध्ये कार्डांचा गैरवापर रोखण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. भारतात रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढलेल्या कार्डविषयक निर्देशांत (१ जुलै २०२२ पासून लागू) कंपनी कार्डाच्या बाबतीत कंपनीची जबाबदारी कोणती व कर्मचाऱ्याची कोणती हे स्पष्ट लिहून ठेवण्यास सांगितले. मार्च २०२४ च्या दुरुस्तीने व्यावसायिक कार्डावरील पैसा नेमका कशासाठी वापरला जातो यावर लक्ष ठेवण्याचे काम कार्ड देणाऱ्या बँकांवर टाकले.

सांगली, मिरज आणि कुपवाड या पट्ट्यात कारखान्यांची किरकोळ खरेदी वर्षानुवर्षे खात्यावर चालत आली आहे. स्टोअरमधला माणूस दुकानात जातो, व्ही-बेल्ट किंवा बेअरिंग उचलतो, ‘आमच्या खात्यावर लिहा’ म्हणतो आणि चलनावर सही करून निघतो. महिनाअखेरीस दुकानदार एकत्रित बिल पाठवतो आणि ते कधीतरी भागवले जाते. या पद्धतीला हसू नये. तिच्यात दुकानदाराची वही हा एक बाहेरचा साक्षीदार असतो आणि महिन्याच्या बिलाची चलनांशी ताडाताडी होते. कार्ड आले की ही वही जाते. दुकानदाराचे पैसे साधारण एकदोन दिवसांत जमा होत असल्याने कोणी काय नेले हे लक्षात ठेवण्याचे त्याला कारण उरत नाही. तो साक्षीदार गेल्यावर त्याची जागा कार्डधारकाने स्वतःच्या नोंदींनी भरून काढायची असते.

कार्ड कशासाठी आणि कशासाठी नाही, हे कामाच्या स्वरूपावर ठरते. कटिंग व्हील, वेल्डिंग रॉड, ऑइल सील, हातमोजे, प्रिंटरचे टोनर, कुरिअर, एखाद्या सॉफ्टवेअरचे मासिक शुल्क, ऐनवेळी बंद पडलेल्या मोटरचे रिवाइंडिंग ही कार्डाची कामे. फाउंड्रीला लागणारे पिग आयर्न, नवे मशिन, लेबर कॉन्ट्रॅक्टरचे बिल ही कार्डाची कामे नव्हेत. तिथे करार, दरनिश्चिती, उद्गम करकपात (टीडीएस) असे बरेच काही गुंतलेले असते. मार्केट यार्डातला हळदीचा सौदा तर अडत्यामार्फत होतो, तिथे कार्डाचा संबंधच येत नाही. साखर कारखान्यात गाळप चालू असताना तासभर बंद पडणेही महाग पडते. रात्री दहाला दुकान उघडायला लावून आणलेल्या सुट्या भागासाठी कार्डाइतके सोयीचे साधन नाही. मात्र हंगाम संपल्यानंतरच्या ओव्हरहॉलिंगची खरेदी महिने आधी ठाऊक असते. ती कार्डावर टाकणे हा आळस आहे.

कार्डावर संस्था तीन प्रकारचे बांध घालते : एका व्यवहाराची मर्यादा, महिन्याची मर्यादा आणि दुकानाच्या प्रकाराची मर्यादा. तिसरी मर्यादा चार अंकी व्यापारी संकेतांकावर चालते. हे संकेतांक आयएसओ १८२४५ या मानकात दिलेले आहेत. ५५४१ म्हणजे पेट्रोल पंप, ५८१२ म्हणजे खाणावळी व रेस्टॉरंट, ५९४३ म्हणजे स्टेशनरीचे दुकान, ६०११ म्हणजे एटीएममधून रोकड. नको ते संकेतांक बँकेकडून बंद करून घेता येतात. पण संकेतांक दुकानाला असतो, वस्तूला नाही. हार्डवेअरच्या दुकानात घरचा गिझरही मिळतो आणि यंत्राला त्यात काही वावगे दिसत नाही. उलट, ज्या दुकानदाराचे मशिन भलत्याच वर्गात नोंदलेले असते, तिथे रास्त खरेदीही नाकारली जाते. अशा वेळी ओळखीच्या दुसऱ्या दुकानात कार्ड घासून रोख घेणे आणि ती पहिल्या दुकानदाराला देणे हा मार्ग पुष्कळांना सुचतो. तो सरळ नियमभंग आहे, कारण मग विधानपत्रावरचे (बँकेच्या महिन्याच्या स्टेटमेंटवरचे) दुकान खोटे ठरते आणि बिल दुसऱ्याच नावाचे येते. कार्डावरून रोकड काढणेही टाळावे. क्रेडिट कार्डावर काढलेल्या रोकडीला व्याजमुक्त मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

सगळ्यांत जास्त भांडणे बिलावरून होतात. कार्ड मशिनमधून निघणारी चिठ्ठी म्हणजे पैसे दिल्याचा पुरावा. काय घेतले हे ती सांगत नाही, आणि काही महिन्यांत तिच्यावरची अक्षरेही उडतात. हिशेबाला हवे असते ते पक्के बिल. त्यावर संस्थेचे नाव आणि जीएसटी क्रमांक, वस्तूचे वर्णन, एचएसएन संकेतांक (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) आणि कराची वेगळी रक्कम लागते. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने होते. तो बिलावर नसेल तर दुकानदार आपल्या विवरणपत्रात ती विक्री संस्थेच्या नावावर दाखवत नाही, संस्थेच्या २बी तक्त्यात (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीत) ती उमटत नाही आणि भरलेल्या कराची वजावट बुडते. अठरा टक्के कराच्या वस्तूवर हे नुकसान लहान नाही. ऑनलाइन खरेदीत ही चूक नेहमी घडते : कार्ड कंपनीचे, पण अ‍ॅपमधले खाते कर्मचाऱ्याचे, त्यामुळे बिल त्याच्या नावाने आणि माल घरच्या पत्त्यावर. त्यासाठी संस्थेच्या जीएसटी क्रमांकाचे व्यावसायिक खाते आधी उघडून घ्यावे लागते. कंपोझिशन योजनेतला (उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणारा) लहान दुकानदार कर आकारूच शकत नाही, त्याच्या बिलावर वजावट मिळणार नाही. हे माहीत असूनही जवळ आहे म्हणून तिथे घेतले तर चालते, पण वाहतुकीसह दराची तुलना करून. दिवाळीला वाटायच्या भेटवस्तूंवर बिल कितीही पक्के असले तरी वजावट नाही, कारण जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने ती अडवली आहे.

दुसरी नोंद गेटवरची. ऑर्डरने आलेला माल टेम्पोतून येतो, इनवर्ड रजिस्टरमध्ये चढतो, बिलावर शिक्का बसतो. कार्डाने घेतलेले बेअरिंग स्कूटरच्या डिकीतून येते आणि थेट मशिनपाशी जाते. बिल खरे, पैसे खरे, पण वस्तू कारखान्यात आल्याचा कागद कुठेच नाही. लेखापरीक्षक पहिल्यांदा बोट ठेवतो ते इथे. म्हणून पिशवीतून आलेल्या वस्तूलाही इनवर्ड शिक्का आणि ती वापरणाऱ्या विभागाची पोच घेणे हा नियम जिथे पाळला जातो, तिथे कार्डाबद्दल कुजबुज कमी असते.

मर्यादा चुकवण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडणे हा कार्डाचा जुना रोग आहे. समजा व्यवहारमर्यादा २५,००० रुपये आहे आणि पंपाच्या दुरुस्तीचे बिल ४२,००० चे होणार आहे. दुकानदार स्वतःच सुचवतो, ‘आज अर्धं, उद्या अर्धं करू या, साहेब.’ त्याचा त्यात काही वाईट हेतू नसतो, पण कार्डधारकाने मान डोलावली की वरिष्ठाची मंजुरी परस्पर टळते. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम १५७ असे तुकडे पाडण्यास स्पष्ट मनाई करतो. खाजगी कंपनीला तो नियम लागू नसला तरी आपल्या धोरणात तो जसाच्या तसा घेण्यासारखा आहे. त्याच नियमावलीतील नियम २१ म्हणतो की सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या पैशाबाबत जितकी दक्षता घेतो, तितकीच सार्वजनिक पैशाबाबत घ्यावी. तुकडे ओळखणे अवघड नसते : तेच दुकान, लागोपाठचे दिवस, मर्यादेच्या किंचित खालच्या रकमा.

कार्ड ज्याच्या नावाचे त्यानेच वापरायचे, हा नियम सगळ्या धोरणांत लिहिलेला असतो आणि सगळीकडे मोडतो. कार्ड व्यवस्थापकाच्या नावाचे, दुकानात गेलेला स्टोअरचा मुलगा, आणि काउंटरवरून फोन : ‘साहेब, ओटीपी आला का?’ मीटिंगमध्ये बसलेला साहेब आकडे वाचून दाखवतो. या पद्धतीत खरेदी कोणी केली हे कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरे होते. पैशाचा धोका त्याहून मोठा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसलेला, त्रयस्थाच्या चुकीने झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाला तोशीस लागत नाही. पिन किंवा ओटीपी स्वतःच दुसऱ्याला दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. स्टोअरच्या माणसाला खरेदीला रोज जावे लागत असेल तर त्याच्या नावाने लहान मर्यादेचे वेगळे कार्ड काढणे हा साधा उपाय आहे. तो कमी योजला जातो, कारण कार्ड हा आपल्याकडे हुद्द्याचा मान समजला जातो.

वैयक्तिक खर्च चुकून कंपनी कार्डावर पडणे आता सोपे झाले आहे, कारण एकाच फोनमध्ये दोन्ही कार्डे जतन केलेली असतात. असे झाले तर त्याच दिवशी लेखी कळवून रक्कम कंपनीच्या खात्यात भरावी. पुढच्या दौऱ्याच्या भत्त्यातून वळती करून घेऊ, हा तोंडी समझोता लेखा विभागाने मान्य करू नये. आयकर नियमावली १९६२ मधील नियम ३ ने कंपनीने भरलेला कर्मचाऱ्याचा कार्ड खर्च हा त्याला मिळालेला करपात्र लाभ धरला होता. सूट होती ती पूर्णपणे कार्यालयीन खर्चाला, तीही तारीख व खर्चाचे स्वरूप यांची नोंद आणि मालकाचा दाखला असेल तर. जाणूनबुजून केलेली अफरातफर हा फौजदारी मामला आहे : भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(४) प्रमाणे नोकराने केलेल्या विश्वासघाताला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कार्ड म्हटल्यावर ‘दोन टक्के वर पडतील’ असे सांगणारे दुकानदार गावोगावी भेटतात. कार्डाच्या व्यवहारावर त्यांना बँकेला शुल्क द्यावे लागते, ते ते गिऱ्हाइकावर ढकलतात. बिलात न दाखवता घेतलेले हे पैसे हिशेबात कुठेच बसत नाहीत. त्यापेक्षा बँकेतून थेट रक्कम पाठवावी किंवा दुकान बदलावे. रोख देणे हा तोडगा मोठ्या रकमांना चालत नाही : १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४०अ(३) ने एका व्यक्तीला एका दिवसात रोख दिलेल्या खर्चाची मर्यादा २०१७-१८ पासून २०,००० वरून १०,००० रुपयांवर आणली, आणि त्यावरचा खर्च वजावटीस अपात्र ठरवला.

सांगलीच्या बाबतीत एक वेगळी तरतूद आवश्यक ठरते, ती पुराची. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शहराचा सखल भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी ताडपत्री, डिझेल, पाणी उपसायचे पंप, कामगारांसाठी पिण्याचे पाणी तातडीने लागते आणि नेमकी तेव्हाच वीज व नेटवर्क गेलेले असते, कार्डाची मशिने बंद पडतात. म्हणून कोणाच्या कार्डाची मर्यादा पातळी वाढताच तात्पुरती वाढवायची, रोख आगाऊ रक्कम कोणाकडे ठेवायची, बिल न मिळाल्यास कोणत्या दोघांच्या सहीचे व्हाउचर चालेल, हे पावसाळ्याआधी लिहून ठेवावे लागते. पाणी ओसरल्यावर मर्यादा पुन्हा खाली आणायला बऱ्याच ठिकाणी विसरतात.

महिन्याचे विधानपत्र आले की कार्डधारकाने प्रत्येक ओळीसमोर बिल लावायचे, वरिष्ठाने पाहायचे आणि लेखा विभागाने टॅलीत चढवायचे, ही तीन माणसे वेगवेगळी असावीत. लहान युनिटमध्ये मालकच कार्डधारक आणि मालकच तपासणारा असतो. तिथे निदान बाहेरच्या सीएने महिन्याला नजर टाकावी. कर्मचारी नोकरी सोडतो तेव्हा कार्ड परत घेऊन तोडणे पुरत नाही. त्यावर लावलेली सॉफ्टवेअरची आपोआप जाणारी शुल्के आधी दुसऱ्या कार्डावर हलवावी लागतात, नाहीतर पुढच्या महिन्यात एखादी सेवा बंद पडते आणि तिचा पासवर्ड गेलेल्या माणसाच्या मेलवर असतो.