धारेचं पाणी : कमानपाट्याची पास घरच्या घरी

डवरणीच्या ऐन दिवसांत पास, म्हणजे डवऱ्याचं माती कापणारं पातं, दगडाला लागून वाकते, नाहीतर काडकन तुटते. वाकली की लोखंड कच्चं होतं म्हणायचं आणि तुटली की भंगारवाल्यानं फसवलं म्हणायचं, अशी रीत आहे. बहुतेक वेळा दोन्ही आरोप खोटे असतात. पोलाद तेच असतं, त्याला पाणी, म्हणजे तापवून झटकन विझवून आणलेला कडकपणा, नीट बसलेलं नसतं.

माल निवडताना सळईच्या मोहात पडू नका. बांधकामाच्या टीएमटी सळईत कार्बन जास्तीत जास्त ०.३ टक्क्याच्या आसपास. तिला कितीही तापवा, विझवा, टिकाऊ धार येणार नाही. ट्रक-ट्रॉलीच्या कमानपाट्यात, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्टीत, तो साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, आणि माती कापणाऱ्या अवजाराला तो नेमका पुरतो. जुन्या कानशीत एक टक्क्याच्या वर. तिचा चाकू छान होतो, पण दगडधोंड्याच्या बरड जमिनीत तिची पास टिकत नाही. काय माल आहे ते ग्राइंडरवर कळतं: सळईच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात, पाट्याच्या टोकाला फुटतात, कानशीच्या तर आखूड आणि फुलबाजीसारख्या दाट.

पाटा तुटला म्हणून भंगारात आला असेल तर त्यात न दिसणाऱ्या चिराही असतात. तो घासून त्यावर रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसा आणि खडू फासा. चिरेत शिरलेलं रॉकेल खडूवर काळपट रेघ उमटवतं. रेघ दिसली तर तेवढा भाग सोडूनच कापा, कारण पुढे विझवताना पाटा तिथेच उकलतो.

भट्टीसाठी माती लिंपलेला हातभर खड्डा, बाजूनं इंचभर व्यासाचा लोखंडी पाइप आणि हातानं फिरवायचा ब्लोअर पुरतो. पाइप नळाचा जस्त चढवलेला नको. तापला की त्यातून पांढरा धूर निघतो आणि तो फुप्फुसात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. कोळसा बाभळीचा घ्या. दगडी कोळशापेक्षा त्याची आच हाताळायला सोपी. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठच्या नायकुंडला महापाषाण काळातली, अडीच हजार वर्षांहून जुनी लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली आहे, म्हणजे हा धंदा या मुलखाला नवा नाही.

आधी पाटा मऊ करायचा. लालबुंद तापवून कोरड्या राखेत रात्रभर पुरून ठेवला की सकाळी हॅकसॉ आणि ड्रिल सहज चालतात. ही पायरी गाळली तर ड्रिलची दोन-तीन बिटं वाया जातात. मग दीड वीत लांबीचा तुकडा कापा, भोकं पाडा, धारेचा उतार कानशीनं काढा. मात्र धारेला एक मिलिमीटर जाडी राहू द्या. आत्ताच पातळ केली तर भट्टीत ती कड आधी जळते, तिच्यातला कार्बन उडतो, आणि विझवताना तीच पहिली मुरडते.

आता मुख्य काम. तापवल्यावर पोलादातल्या लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. सावकाश थंड केलं तर कार्बन निवांत बाहेर पडून वेगळे थर धरतो. पोलाद मऊ राहतं. एकदम थंड केलं तर त्याला निघायला वेळच मिळत नाही. तो दांड्यात ठोकलेल्या पाचरीसारखा आत अडकतो आणि सगळी मांडणी ताणून धरतो. या ताणलेल्या रचनेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. ‘पाणी पाजणं’ म्हणतात ते हेच. पोलादात पाणी मुरत वगैरे काही नाही, आणि अमक्याच विहिरीचं पाणी लागतं हेही नाही.

किती तापवायचं? लोहचुंबक सांगतो. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं. जुन्या स्पीकरचा चुंबक तारेला टांगून तुकड्याला लावत राहा. चिकटेनासा झाला की रंग आणखी एक छटा उजळेपर्यंत, म्हणजे ८३०-८५० अंशांच्या आसपास न्या, त्यापुढे नको. जास्त तापलं की पोलादाचे दाणे, म्हणजे आतले बारीक स्फटिक, मोठे होतात. शंका असेल तर त्याच पाट्याची बोटभर पट्टी विझवून वाइसमध्ये धरून मोडा: मोडलेली बाजू खडीसाखरेसारखी चमकली तर आच जास्त झाली, राखेसारखी बारीक करडी दिसली तर बरोबर. विझवण्याआधी दोन-तीनदा चुंबक सुटेपर्यंत तापवून सावलीत हवेवर काळं पडू दिलं की दाणा बारीक होतो. हे सगळं दिवस मावळल्यावर करा. वैशाखातल्या विदर्भाच्या उन्हात लालबुंद लोखंडही काळंच दिसतं.

कमानपाटा पाण्यात विझवू नका. पाणी फार लवकर उष्णता ओढतं, आणि ‘टिंग’ असा बारीक आवाज आला की समजा चीर गेली. सोयाबीनचं तेल चार-पाच लिटर, लोखंडी डब्यात, झाकण शेजारी. तेल ५०-६० अंशांना हवं. मे महिन्यात टिनाखाली ठेवलेलं तेल निम्मं काम आधीच करून बसलेलं असतं; पौषातल्या सकाळी मात्र तापलेलं लोखंड बुडवून ते कोमट करावं लागतं, कारण थंड तेल घट्ट असतं आणि उष्णता कमी ओढतं. इंजिनचं जळकं तेल टाळा, त्याचा धूर वाईट. तुकडा धार खाली करून सरळ बुडवा आणि पुढे-मागे हलवा. आडवा हलवला तर एक बाजू आधी थंड होते आणि पास केळीच्या पानासारखी मुरडते. तेलानं पेट घेतला तर तुकडा आत ढकला आणि झाकण लावा. पाणी कदापि ओतू नका.

बाहेर काढल्यावर धारेवर कानस ओढा. काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर पास कडक झाली. पण इथेच थांबणारे फार, आणि तुटलेल्या पासा त्यांच्याच. आता ती इतकी ठिसूळ आहे की फरशीवर पडली तरी मोडेल. तासाभरात तिचा थोडा ताण उतरवायला हवा.

धारेची पट्टी सँडपेपरनं चकचकीत करा. मग पास पाठीकडून, निखाऱ्यांवर ठेवलेल्या जाड लोखंडी पाट्यावर टेकवून हळूहळू तापवा. चकचकीत भागावर रंग चालत येतात: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, २२०-२३० अंशांना, मग तपकिरी, २५५ च्या आसपास, मग वांग्यासारखा जांभळा, २८० ला, आणि ३०० ला निळा. हे रंग पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या अतिपातळ थराचे; थर जाड होत जातो तसा रंग बदलतो. खुरप्याची धार तपकिरीवर थांबवा, पासेची जांभळा निळ्याला टेकतो तिथे. पाठ निळ्याच्याही पुढे गेली तर चांगलंच, ती लवचीक हवी. हवा तो रंग धारेपर्यंत आला की लगेच पाण्यात; आता पाणी चालतं. मुरडलेली पास सरळ करायचीही हीच वेळ, गरम असतानाच. गार झाल्यावर ठोकली तर तडकेल.

शेवटची एक मिलिमीटर जाडी ग्राइंडरनं उतरवताना सगळी मेहनत वाया जाऊ शकते. चाक दोन सेकंद एका जागी रेंगाळलं की पातळ कड निळी पडते, म्हणजे तीनशे अंश ओलांडून तिथलं पाणी उतरलं. बिनहातमोज्यानं धरा, बोटाला चटका बसायच्या आत पाण्याच्या डब्यात बुडवा, पुन्हा लावा. कड निळी पडलीच तर तेवढा भाग कानशीनं काढून टाका. वीतभर कड निळी असेल तर कानस ठेवा आणि भट्टी पुन्हा पेटवा.