सोडायचं कधी, धरायचं कधी

कोलोनोस्कोपीत, म्हणजे कॅमेऱ्याची नळी आत घालून केलेल्या तपासणीत, निरोगी मोठं आतडं गुलाबी आणि चकचकीत दिसतं, बारीक रक्तवाहिन्यांची जाळी अस्तराखाली स्पष्ट दिसते. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येणाऱ्या आजारात ही जाळी दिसेनाशी होते. अस्तर लाल, सुजलेलं, नळीचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त येतं. हे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. अलीकडे मळ आणि असंख्य जिवाणू, पलीकडे आपलं रक्त, मध्ये एवढाच आडोसा.

या पेशी एकमेकींना धरून कशा राहतात, याचा धागा एका फसलेल्या प्रयोगातून मिळाला. १९७० च्या दशकात जपानी जीवशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची क्योटोहून अमेरिकेत बाल्टिमोरला गेले. क्योटोत ट्रिप्सिनने (प्रथिनं कापणाऱ्या विकराने) सुट्या केलेल्या पेशी पुन्हा झटपट गोळा होत. इथे त्या होईनात. शोधता शोधता लक्षात आलं, की इथल्या ट्रिप्सिनच्या द्रावणात कॅल्शियम काढून घेणारं रसायन मिसळलेलं होतं. कॅल्शियम असताना पेशींवरचं एक प्रथिन ताठ राहतं आणि ट्रिप्सिनला दाद देत नाही. कॅल्शियम गेलं की ते लुळं पडतं आणि कापलं जातं. १९८४ मध्ये त्याला कॅडहेरिन हे नाव मिळालं. आतड्याच्या अस्तरात असतं ते ई-कॅडहेरिन.

ही पकड सुटली तर काय होतं, हे १९९५ मध्ये मिशेल हर्मिस्टन आणि जेफ्री गॉर्डन यांनी उंदरांत दाखवलं. लहान आतड्याच्या काही पट्ट्यांतच त्यांनी कॅडहेरिनचं काम बिघडवलं. क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या दाहाच्या आजारासारखी सूज आली ती तिथेच. शेजारचा भाग ठीक राहिला. रोगप्रतिकारक पेशींना हातही लावलेला नव्हता! मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण अशा आजारांत दोष नेहमी प्रतिकारशक्तीलाच दिला जातो. पुढे २००९ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या जनुकीय अभ्यासातही ई-कॅडहेरिनच्या जनुकाचा परिसर पुढे आला.

पण नुसतं घट्ट धरून भागत नाही. अस्तराला भोक पडलं की कडेच्या पेशी आपला उभा खांबासारखा आकार सोडतात, शेजारणीची पकड सैल करतात, चपट्या होतात आणि पातळ पदर पुढे टाकत सरकू लागतात. खालच्या पटलात इंटिग्रिन नावाची प्रथिनं रोवायची, अंग पुढे ओढायचं, मागची पकड सोडायची. लहान जखम अशी काही तासांत झाकली जाते. नव्या पेशी मागाहून येतात. खोल व्रणात मात्र सरकायला खालचं पटलच उरत नाही आणि नव्या पेशी जिथे तयार होतात त्या खाचाही नष्ट झालेल्या असतात.

इंटिग्रिनं दुसऱ्या बाजूनेही वापरली जातात. प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशी त्यांच्याच आधाराने आतड्यातल्या रक्तवाहिनीची भिंत पकडून आत शिरतात. २०१४ पासून वापरात असलेलं वेडोलिझुमॅब हे औषध नेमकी ही पकड अडवतं. त्याने आग शमते, अस्तराला भरून यायला उसंत मिळते. या काळात शौचाला जाणं कमी होतं, रक्त थांबतं आणि ‘आता बरं आहे’ म्हणून अनेक जण स्वतःच औषध बंद करतात. अस्तर तेव्हा बहुतेकदा अर्धवटच भरलेलं असतं. कृपा करून डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं करू नका.

अस्तरालाच थेट हात देण्याचा एक प्रयत्न टोकियोत सुरू आहे. २०२२ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या एका रुग्णाच्या आतड्याच्या निरोगी भागातून पेशी घेतल्या, प्रयोगशाळेत त्यांचे बारीक गोळे वाढवले आणि दुर्बिणीतून त्याच रुग्णाच्या व्रणावर नेऊन ठेवले. आता ते गोळे उघड्या जागेला धरून राहायला हवेत, पसरायला हवेत आणि पुन्हा एकमेकांत घट्ट गुंफले जायला हवेत.