प्रतिपालकत्वातील मुलांची सामूहिक पाठराखण (बडोदे)

आईवडिलांजवळ राहणे शक्य नसलेल्या मुलाला सरकारमान्य अशा दुसऱ्या कुटुंबात काही काळ वाढवणे म्हणजे प्रतिपालकत्व. व्यवहारात ‘फॉस्टर केअर’. अशा मुलासाठी बालकल्याण समिती (मुलाला कुठे ठेवायचे याचा आदेश देणारी समिती), जिल्हा बालसंरक्षण कक्ष, शाळा, प्रतिपालक, शक्य असेल तेथे जन्मदाते आणि स्वतः मूल यांनी एकत्र बसून त्याची बाजू मांडणे व ठरलेल्या गोष्टींचा पाठपुरावा करणे, ही सामूहिक पाठराखण. नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते, कारण अनोळखी घरात पहिले काही दिवस आपले माणूस जवळ लागते. परक्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलाला ते नवरीहूनही अधिक लागते.

बडोद्याला दत्तक नवे नाही. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतले आणि ते सयाजीराव गायकवाड झाले. दत्तकविधानाने नाव, घराणे, वारसा सारे बदलते. प्रतिपालकत्वात यातले काहीच बदलत नाही: मुलाचे आडनाव तेच राहते आणि समितीला मुलाच्या हिताविरुद्ध वाटले नाही तर जन्मदाते त्याला ठरावीक काळाने भेटू शकतात. काका, मामा किंवा आजीकडे वाढणारी पोरकी मुले हा आणखी वेगळा प्रकार. त्यांच्यासाठी गुजरात सरकारची ‘पालक माता-पिता योजना’ असून दोन्ही पालक वारलेल्या, किंवा वडील वारून आईने पुनर्विवाह केलेल्या मुलांना तीतून दरमहा ३,००० रुपये मिळतात.

कायदेशीर आधार बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ चा. भावंडांना शक्यतो एकाच घरी ठेवावे, समितीने दरमहा घराची पाहणी करावी, शिक्षण, आरोग्य व पोषणाची जबाबदारी कुटुंबाने घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत दरमहा ४,००० रुपये साहाय्याची तरतूद आहे. २०२४ च्या सुधारित आदर्श मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होण्याची वाट मोकळी केली.

मुलाच्या वतीने बोलणारे कोणी असावे, हा विचार अमेरिकेत १९७७ मध्ये सिएटलच्या न्यायालयात रुजला. तेथील न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी त्यासाठी प्रशिक्षित स्वयंसेवक नेमले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने पुढचे पाऊल टाकले. तिच्या कलम १२ नुसार स्वतःविषयीच्या निर्णयात आपले म्हणणे मांडणे हा मुलाचाच हक्क आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

पाठराखण सामूहिक का असावी? मुलाची माहिती विखुरलेली असते म्हणून. आदेश समितीकडे, हजेरी शाळेकडे, केसपेपर दवाखान्यात. आणि मूल रात्री दचकून उठते हे फक्त त्याला जवळ घेऊन झोपणाऱ्या बाईला ठाऊक. कायद्याला अभिप्रेत असलेला वैयक्तिक संगोपन आराखडा या सगळ्यांनी मिळून लिहिला तरच त्यात ते मूल दिसते.

बडोद्यात यात भाषेची भर पडते. शहर मुंबई-दिल्ली मार्गावरचे मोठे जंक्शन. घर सोडलेली, हरवलेली मुले रेल्वेने येतात, त्यांत मराठी बोलणारीही असतात. कामकाज मात्र गुजरातीत चालते. मूल म्हणते, ‘मला इथं करमत नाही.’ गुजरातीत त्याचे ‘गमतुं नथी’ होते. पण ‘गमतुं नथी’त ‘करमत नाही’ आणि ‘आवडत नाही’ दोन्ही मावतात. मुलाला घराची ओढ लागलेली असते आणि कागद वाचणाऱ्याला वाटते, त्याला हे कुटुंबच नकोसे झाले आहे. एवढ्यावरून मुलाचा मुक्काम हलू शकतो. दांडिया बाजार, रावपुरा भागांत पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषांत वावरणारी मराठी माणसे आहेत. समितीच्या अनुमतीने त्यांच्यापैकी कोणी दुभाषी म्हणून शेजारी बसले, तर त्याची किंमत कपडे-खाऊच्या देणगीहून कितीतरी अधिक आहे.

मदत करणाऱ्यांना एक मर्यादा मात्र काटेकोर पाळावी लागते. बालन्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. गणपतीच्या मंडपात बोलावून कौतुक करणे, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणे यामागे माया असली, तरी नुकसान मुलाचेच होते.

सर्वांत दुबळा दुवा अठराव्या वर्षाचा. त्या वयाला संरक्षण संपते. त्याच अधिनियमाच्या कलम ४६ खालील पश्चात देखभाल, म्हणजे अठरानंतरचा आधार, साधारणतः २१ वर्षांपर्यंत असते, पण ते कलम मुळात बालगृहासारख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे आणि ती आपोआप चालून येत नाही. म्हणून पाठराखणीची बैठक सोळाव्या-सतराव्या वर्षीच बसवावी आणि त्या मुला-मुलीला विचारून यादी करावी: जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, स्वतःच्या नावाचे बँक खाते, आणि १८ पूर्ण होतील त्या रात्री झोपायला कुठे जायचे, तो पत्ता.