मिनी मंत्रालयाचा उलटा प्रवास

जिल्हा परिषदेला गावाकडे अजूनही 'मिनी मंत्रालय' म्हणतात. 1 मे 1962 रोजी राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा या नावात थट्टा नव्हती. केंद्राने नेमलेल्या बळवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये तालुका पातळीवरच्या संस्थेला महत्त्व दिले होते. महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, 1960 मध्ये नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने जिल्ह्यालाच मुख्य घटक मानले. शाळा, दवाखाने, रस्ते, पाझर तलाव, शेती, पशुसंवर्धन असा मोठा पसारा आणि त्यासाठीचा कर्मचारीवर्ग परिषदेकडे आला. समितीचा सर्वांत धाडसी निर्णय म्हणजे जिल्हाधिकाऱ्याला बाहेर ठेवणे. कलेक्टर सभागृहात बसला तर सदस्य मोकळेपणी बोलणार नाहीत, हे तिने ओळखले होते. प्रशासनासाठी मुख्य कार्यकारी अधिकारी दिला, पण तो सभेला बांधील.

ही व्यवस्था कोणी एका फटक्यात मोडली नाही. 1974 पासून जिल्हा नियोजनाचे वेगळे मंडळ आले. पुढे त्याची सूत्रे पालकमंत्र्याकडे गेली, आणि निधीसाठी परिषदेच्या अध्यक्षाला पालकमंत्र्याच्या दारात जावे लागू लागले. केंद्राच्या ग्रामीण योजनांसाठी जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा ही निराळी चूल मांडली गेली. 1979 नंतर निवडणुका थेट 1992 मध्ये झाल्या. त्यानंतर पंचायत राज संस्थांना घटनेत स्थान देणाऱ्या 73 व्या घटनादुरुस्तीने मुदतीत निवडणूक घेण्याचे बंधन घातले, तरी कोणते अधिकार खाली द्यायचे हे विधिमंडळावरच सोडले. चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा (2015-20) तर थेट ग्रामपंचायतींना गेला. परिषद आणि पंचायत समिती मधल्या मध्ये कोरड्या राहिल्या.

शिक्षकांच्या बदल्यांचे उदाहरण बोलके आहे. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने जिल्ह्यांतर्गत बदल्यांचे नियम मुंबईत ठरले आणि त्या संगणकावर होऊ लागल्या. भरतीही 'पवित्र' या राज्याच्या ऑनलाइन शिक्षकभरती पोर्टलवर गेली. यावर अश्रू ढाळणारे शिक्षक फारसे भेटणार नाहीत. बदलीसाठी सदस्यांच्या घरी घालाव्या लागणाऱ्या खेपा वाचल्या, हे खरेच. पण जिल्ह्यातला गैरकारभार जिल्ह्यातच दुरुस्त करण्याऐवजी अधिकारच वर उचलून नेण्याची सवय अशाच सोयींतून लागली.

मार्च 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि गटरचनेचे, म्हणजे परिषदेच्या मतदारसंघांच्या आखणीचे, वाद न्यायालयात अडकले. चार महिन्यांत निवडणुका घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते 6 मे 2025 रोजी. मधल्या तीन वर्षांत बहुतेक ठिकाणी मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक होता. सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकारही त्याच्याचकडे. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजुरी देणारा तोच, अंमलबजावणी करणाराही तोच. 1961 मध्ये नाईक समितीने कलेक्टरला बाहेर ठेवले होते ते नेमके हे टाळण्यासाठी.