छिन्नमनस्कता आणि रोगप्रतिकारक यंत्रणा

छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया. या विकारात रोगप्रतिकारक यंत्रणेचा हात असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा जनुकांतून मिळाला. २०१४ साली सुमारे ३७ हजार रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात विकाराशी निगडित १०८ स्थाने सापडली. त्यांतले सर्वांत ठळक स्थान सहाव्या गुणसूत्रावरच्या एमएचसी पट्ट्यात होते, जिथे प्रतिकारशक्तीची जनुके दाटीने असतात. २०१६ मध्ये या स्थानाशी जोडलेल्या धोक्याचा काही भाग सी४ या जनुकापाशी येऊन ठेपला. सी४ हे पूरक प्रथिन एरवी जंतूंवर खूण करते. मेंदूत तशीच खूण चेतासंधींवर, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडांवर होते आणि मायक्रोग्लिया या मेंदूतल्या प्रतिकारक पेशी त्या गिळतात. किशोरवयात ही छाटणी आवश्यकच असते. सी४ए जास्त तयार झाले तर ती अतिरेकी होते, असा तर्क आहे. विकार बहुधा विशीच्या आसपास का उघड होतो, याच्याशी तो जुळतो. मात्र या जनुकाने धोका वाढतो तो थोडाच.

दुसरा धागा गर्भावस्थेतल्या संसर्गाचा. गाभण उंदरीला पॉली आय:सी हे विषाणूसदृश रसायन टोचले, की इंटरल्युकिन-६ हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन वाढून पिल्लांच्या वर्तनात बदल दिसतात. माणसांत गरोदरपणातल्या फ्लूबाबतचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत.

रुग्णांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ आणि सीआरपी हे दाह दर्शवणारे प्रथिन सरासरीने जास्त आढळतात. धूम्रपान व लठ्ठपणानेही ते वाढतात, म्हणून या चाचण्यांवरून निदान करता येत नाही.

एक आजार मात्र वेगळा ओळखलाच पाहिजे: २००७ मध्ये वर्णन झालेला एनएमडीए-ग्राही प्रतिपिंडांचा मेंदूदाह. यात शरीराचीच प्रतिपिंडे चेतापेशींवरच्या एनएमडीए या ग्राहींवर हल्ला करतात. सुरुवातीला तो हुबेहूब मनोविकारासारखा दिसतो. काही आठवड्यांत झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली, ताठरपणा, रक्तदाबाचे चढउतार दिसू लागले, तर पाठीतले पाणी तपासावे. एमआरआय पुष्कळदा निर्दोष येतो, त्यावर विसंबू नये. नुसत्या रक्तातले प्रतिपिंडही फसवे ठरू शकतात. तरुणींमध्ये अंडाशयातली गाठ शोधावी. उपचार स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदल हे, आणि उशीर महागात पडतो.

सरसकट दाहशामक औषधांनी फारसे साधलेले नाही. दाह कमी करणाऱ्या मिनोसायक्लिन या प्रतिजैविकाच्या २०१८ च्या मोठ्या चाचणीत लाभ दिसला नाही. छिन्नमनस्कतेवरचे क्लोझापिन हे औषध घेणाऱ्याला जोराचा संसर्ग झाला, तर दाहामुळे ते मोडणारे यकृतातले सीवायपी१ए२ विकर मंदावते आणि औषधाची रक्तातली पातळी चढते. तेव्हा गुंगी, लाळ वाढली तर पातळी मोजून डॉक्टरांनी मात्रा तात्पुरती कमी करायची असते. ताप आला की पांढऱ्या पेशींची मोजणीही लगेच करावी, कारण हेच औषध क्वचित त्या घातक पातळीपर्यंत घटवते.