ॲपलाचियातील घरदुरुस्ती शिबिर : पेनसिल्व्हेनियातील मराठी पालकांचे अर्ज कुठे अडतात

दर उन्हाळ्यात अमेरिकेतील चर्चचे युवागट आठवडाभरासाठी ॲपलाचियाच्या डोंगराळ भागात जातात आणि तेथील गरजू कुटुंबांच्या घरांची दुरुस्ती करून देतात. गळके छप्पर, कुजलेली जमीन, मोडलेल्या पायऱ्या, चाकाच्या खुर्चीसाठी लागणारा उतार, अशी ही कामे असतात. या परंपरेतील सर्वांत परिचित संस्था म्हणजे ‘ॲपलाचिया सर्व्हिस प्रोजेक्ट’. ग्लेन ‘टेक्स’ इव्हान्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकांनी 1969 साली केंटकीतील बार्बरव्हिल येथे 50 स्वयंसेवकांच्या मदतीने चार घरे दुरुस्त केली आणि तेथून हे काम सुरू झाले. आज आपल्याकडची बरीच मराठी मुले अशा शिबिरांना जातात. त्यांत नगर-सोलापूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांतील मुले असतात, तशीच शाळेतल्या मित्राच्या आग्रहाने त्याच्या चर्चच्या गटात सामील झालेली हिंदू घरांतील मुलेही असतात. मूल जायला तयार असते, पैसे भरलेले असतात, आणि मे महिन्याच्या अखेरीस कळते की कागद अपुरे आहेत. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हे कागद नेमके कुठे अडतात, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पात्रता

मुलाच्या वयाची अट संस्थेगणिक बदलते आणि एका संस्थेचा नियम दुसरीला लावून पालक फसतात. ॲपलाचियातील शिबिरांत साधारणतः 14 वर्षे वय किंवा आठवी पूर्ण ही अट असते. गरजूंसाठी घरे बांधणाऱ्या ‘हॅबिटाट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेच्या कामावर मात्र बांधकाम चालू असताना 16 वर्षांखालील मुलांना प्रवेशच नसतो, आणि 16-17 वर्षांच्या मुलांनाही विजेची अवजारे, पाडकाम आणि छपरावरचे काम करता येत नाही. अमेरिकेच्या संघीय कामगार कायद्याने 18 वर्षांखालील कामगारांना जी कामे धोकादायक म्हणून मना केली आहेत, त्यांवरून हे नियम बेतलेले आहेत. त्यामुळे मोठ्या मुलाने छप्पर शाकारले नाही म्हणून तक्रार करू नये, आणि धाकट्याला सोबत न्यावे म्हणून वय एक वर्षाने वाढवून सांगण्याचा मोह तर मुळीच धरू नये.

धर्माचा प्रश्न बहुतेक पालक दबक्या आवाजात विचारतात. ॲपलाचिया सर्व्हिस प्रोजेक्टला कोणत्याही श्रद्धेचे स्वयंसेवक चालतात. काही चर्चचे स्वतःचे गट मात्र श्रद्धेविषयीच्या निवेदनावर किंवा आचारसंहितेवर सही मागतात. अशा ठिकाणी खोटे लिहिण्यापेक्षा युवागटाच्या प्रमुखांना सरळ विचारावे. ‘कोणत्या चर्चचे सदस्य’ या रकान्यात ‘सदस्य नाही, गटाचा पाहुणा’ असे लिहिल्याने सहसा काही बिघडत नाही. संध्याकाळी प्रार्थना आणि चिंतन असते, याची कल्पना मुलाला आधीच द्यावी. एच-4 व्हिसावरील, म्हणजे नोकरीच्या व्हिसाधारकाचे कुटुंबीय म्हणून आलेल्या, मुलांनी किंवा पालकांनी धर्मादाय संस्थेसाठी कोणताही मोबदला न घेता केलेले स्वयंसेवी काम नोकरीत मोडत नाही. येथे तर उलट सहभागशुल्क आपणच भरतो.

मुलाचे कागद

अर्ज, सहभागशुल्क आणि छायाचित्राची परवानगी यांत अडचण येत नाही. अडचण येते ती वैद्यकीय संमतीपत्रात. आपण जवळ नसताना मुलावर उपचार करण्याची परवानगी देणारा हा कागद अनेक गट नोटरीसमोर सही केलेलाच मागतात. घरी शांतपणे बसून सही करायची आणि मग शिक्का मारून घ्यायला बँकेत जायचे, ही आपल्याकडची सवय येथे चालत नाही. नोटरी शिक्का मारतो तो सही त्याच्या डोळ्यांदेखत झाली याचा, म्हणून सहीची जागा कोरी ठेवून, छायाचित्र असलेले ओळखपत्र घेऊन जावे. सही केलेला कागद नेल्यावर परत पाठवलेल्या पालकांची संख्या पाहता ही सूचना फॉर्मच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायला हवी. ती सहसा तळाशी, बारीक अक्षरांत सापडते.

ज्या घरांत आईवडील उन्हाळ्यात भारतात जातात आणि मूल शिबिरासाठी मागे राहते, त्यांनी हा कागद निघण्यापूर्वीच पूर्ण करावा. पुण्या-मुंबईतील नोटरीचा शिक्का येथील गट बहुधा स्वीकारत नाहीत. मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात ही सोय आहे, पण त्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते आणि प्रत्येक शिक्क्याला 50 डॉलर पडतात. मुलगा ज्यांच्याकडे राहणार त्या काका-मावशींची सही पालकांच्या सहीच्या जागी चालत नाही. त्यांचे नाव फक्त तातडीच्या संपर्काच्या रकान्यात येते.

दुसरा अडथळा धनुर्वाताच्या लशीचा. गंजलेल्या खिळ्यांत आणि जुन्या लाकडात काम असल्याने शेवटच्या डोसची तारीख लिहावीच लागते. लहानपणीचे डोस भारतात झालेल्या मुलांचे पालक ते जुने लसीकरणाचे कार्ड शोधत बसतात, आणि सापडले तरी त्यावरील डॉक्टरांचे अक्षर कोणाला लागत नाही. वस्तुतः त्याची गरज नसते. पेनसिल्व्हेनियात सातवीत प्रवेश करताना धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याचा एकत्रित डोस बंधनकारक आहे, म्हणजे येथे सातवी केलेल्या मुलाची ती तारीख शाळेच्या परिचारिकेकडे नोंदलेली असते. मात्र जूनमध्ये शाळा बंद झाली की ती परिचारिकाही भेटत नाही, म्हणून हे काम एप्रिल-मेमध्येच उरकावे.

विमा कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत जोडावी. मागच्या बाजूचे दूरध्वनी क्रमांक नसले तर प्रतीचा उपयोग नाही. ज्या मुलांना राज्याच्या योजनेतून विमा आहे, त्यांच्या पालकांनी राज्याबाहेर तातडीच्या उपचारांपलीकडे काय मिळते, हे आधी विचारून घ्यावे.

सोबत जाणाऱ्या मोठ्यांचे कागद

खरा गुंता येथे आहे. प्रत्येक गटाला मुलांसोबत ठरावीक संख्येने प्रौढ न्यावे लागतात आणि ते कमी पडले तर मुलांच्या जागाही कमी होतात. त्यामुळे एका पालकाचा कागद अडला की चार मुले अडतात. पेन स्टेट विद्यापीठातील बाल अत्याचारांचे प्रकरण 2011 साली उघडकीस आल्यानंतर पेनसिल्व्हेनियाने आपले बालसंरक्षण कायदे कडक केले आणि 2015 पासून मुलांची देखरेख करणाऱ्या प्रौढ स्वयंसेवकांना काम सुरू करण्यापूर्वी प्रमाणपत्रे सादर करणे सक्तीचे झाले. येथील लोक त्यांना ‘क्लिअरन्स’ म्हणतात. एक राज्य पोलिसांचे, दुसरे राज्याच्या मानवसेवा विभागाकडील बाल अत्याचार नोंदींचे, आणि काहींसाठी तिसरे, एफबीआयकडून बोटांच्या ठशांवरून होणारे.

पोलिसांचे प्रमाणपत्र स्वयंसेवकांना विनामूल्य मिळते आणि बहुधा संकेतस्थळावर तत्काळ मिळते. तरीही नाकारल्या जाणाऱ्या कागदांत त्याचा क्रमांक वरचा आहे, कारण लोक चुकीचे पान छापतात. अर्ज पूर्ण झाल्यावर पडद्यावर विनंतीचा तपशील दिसतो, ‘नोंद आढळली नाही’ असेही त्यावर लिहिलेले असते, आणि पालक तेच पान छापून देतात. ते प्रमाणपत्र नव्हे. त्या पानावरून पुढे जाऊन राज्याच्या मुद्रेसह असलेले प्रमाणपत्राचे पान उघडावे लागते. हा दुवा इतक्या आडबाजूला का ठेवला आहे, याचे उत्तर ते संकेतस्थळ बांधणाऱ्यांनीच द्यावे.

बाल अत्याचार नोंदींचा अर्ज भरताना आपली मंडळी हताश होतात. या अर्जात 1975 पासूनचे आपले सर्व पत्ते आणि 1975 पासून आपल्यासोबत एका घरात राहिलेल्या सर्व व्यक्तींची नावे विचारतात. ज्याचे बालपण गिरगावातील चाळीत, शिक्षण वसतिगृहात आणि पहिली नोकरी चार मित्रांसोबत भाड्याच्या खोलीत झाली, त्याने हा रकाना पाहून अर्ज बंद केला तर त्याला दोष देता येत नाही. पण बंद करू नये. खोली क्रमांक आठवत नसेल तर इमारत, रस्ता, गाव, देश एवढे जे आठवते ते लिहावे. आई, वडील, भावंडे, पती किंवा पत्नी आणि मुले ही नावे सुटता कामा नयेत. आजीआजोबा आणि शिक्षणासाठी येऊन राहिलेला आतेभाऊही घरातच राहत असतील, तर त्यांनाही लिहावे. हा रकाना रिकामा सोडलेला अर्ज मात्र परत येतो.

त्याच अर्जातील ‘पूर्वीची नावे’ हा रकाना विवाहित स्त्रियांनी काळजीपूर्वक भरावा. माहेरचे आडनाव तर द्यायचेच, पण लग्नात पहिले नाव बदलले असेल तर तेही द्यायचे, आणि मधले नाव वडिलांचे होते ते पतीचे झाले, हेही नोंदवायचे. ‘ते नाव आता कोण वापरते’ हा युक्तिवाद येथे उपयोगाचा नाही, कारण शोध नावावरूनच घेतला जातो. पारपत्रात आडनावाचा रकाना कोरा असलेल्यांनी सर्व अर्जांत एकच पद्धत ठेवावी. एका प्रमाणपत्रावर एक आणि दुसऱ्यावर वेगळे नाव आले की गटाचे प्रमुख दोन्ही परत करतात, आणि ते योग्यच करतात.

अर्जाचे कारण निवडताना ‘स्वयंसेवक’ हाच पर्याय घ्यावा. तो घेतला की हे प्रमाणपत्रही विनामूल्य मिळते. ही सवलत दर 57 महिन्यांतून एकदाच आहे. स्वयंसेवक म्हणून घेतलेले प्रमाणपत्र नोकरीसाठी चालत नाही. विभागाला उत्तर देण्यासाठी 14 दिवस असतात आणि अपुऱ्या अर्जाला त्याहून अधिक लागतात, म्हणून शिबिराच्या आदल्या आठवड्यात अर्ज करणाऱ्याने चमत्काराची अपेक्षा धरू नये.

तिसऱ्या प्रमाणपत्राविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहे. मागील सलग 10 वर्षे पेनसिल्व्हेनियाचे रहिवासी असलेल्या बिनपगारी स्वयंसेवकाला एफबीआय तपासणी लागत नाही. कायद्यात सांगितलेल्या गुन्ह्यांत आपण दोषी ठरलेलो नाही, असे लेखी प्रतिज्ञापन त्याने द्यायचे असते. ‘आम्ही अमेरिकेत 15 वर्षे आहोत’ असे सांगून अनेक पालक या प्रतिज्ञापनावर सही करतात, आणि पत्त्यांच्या यादीवरून लक्षात येते की त्यांतली पहिली 6-7 वर्षे न्यू जर्सीत गेली. मोजायची आहेत ती पेनसिल्व्हेनियातील वर्षे. नदीपलीकडचे एडिसन त्यात धरता येत नाही. चुकीची सही ही येथे साधी चूक राहत नाही, खोटे प्रतिज्ञापन ठरू शकते. मात्र पेनसिल्व्हेनियात राहायला आल्यानंतर कोणत्याही कारणाने एकदा अशी तपासणी झालेली असेल, तर तिची प्रत पुरते. शाळेत मदतीला जाणाऱ्या अनेक आयांकडे ती फायलीत पडून असते.

ठसे द्यायचे असतील तर शुल्क भरावे लागते, ते स्वयंसेवकांनाही माफ नाही. वेळ ठरवताना एक सेवा संकेतांक विचारतात. शिक्षण विभागाचा संकेतांक वेगळा आणि मानवसेवा विभागाचा वेगळा, त्यातही नोकरीचा आणि स्वयंसेवेचा वेगळा. चुकीच्या संकेतांकावर दिलेले ठसे दुसऱ्या विभागाकडे जातात आणि सगळे पुन्हा, पुन्हा पैसे भरून, करावे लागते. म्हणून संकेतांक मैत्रिणीला विचारू नये, गटप्रमुखांकडून लिहून घ्यावा.

एच-4 वरील ज्या पालकांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, त्यांना राज्याच्या अर्जांत अडचण येत नाही, कारण तेथे तो ऐच्छिक आहे. अडचण येते ती संस्था स्वतंत्रपणे करून घेते त्या खाजगी पार्श्वभूमी तपासणीत. त्या रकान्यात करदात्याचा क्रमांक घुसवू नये. आपल्याकडे नंबर नाही हे आधीच कळवून पर्यायी मार्ग मागावा.

याखेरीज मेथडिस्ट चर्चमध्ये ‘सेफ सँक्च्युअरीज’, कॅथलिक चर्चमध्ये ‘व्हर्टस’ असे बालसुरक्षेचे प्रशिक्षण असते. कोणत्याही मुलासोबत एकट्या प्रौढाने राहायचे नाही, हा त्यातील मुख्य नियम, आणि तो मुलांचे मामा-काका असल्यासारखे वागणाऱ्या आपल्या लोकांना थोडा जड जातो. गाडी चालवणाऱ्यांचा वाहन परवाना आणि अपघातांची नोंद वेगळी तपासतात. 15 आसनी व्हॅन अनेक चर्चच्या विमा कंपन्यांना उलटण्याच्या धोक्यामुळे चालत नाही.

तारखा

प्रमाणपत्रांची मुदत 60 महिने असते, पण ती सर्वांत जुन्या प्रमाणपत्राच्या तारखेपासून मोजतात. पोलिसांचे नवे आणि बाल अत्याचार नोंदींचे साडेचार वर्षांपूर्वीचे असेल तर उरले सहा महिने. गटाने दिलेली अंतिम तारीख ही कागद हातात पोहोचण्याची असते, अर्ज केल्याची नव्हे. ‘अर्ज केला आहे’ याची पावती प्रमाणपत्राच्या जागी घेतली जात नाही.

शिबिराआधी 18 वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलामुलींकडे विशेष लक्ष द्यावे. वाढदिवसानंतर त्यांच्या वतीने आईवडिलांनी केलेली वैद्यकीय संमती पुरत नाही, ती त्यांनी स्वतः करायची असते, आणि अनेक संस्था त्यांची पार्श्वभूमी तपासणीही मागतात. शाळेत अजून बारावीत आहे, हे कारण त्यासाठी चालत नाही.

शेवटचा अडथळा निघण्याच्या सकाळी येतो, तो औषधांचा. औषध मूळ डबीत, मुलाचे नाव आणि मात्रा लिहिलेल्या औषधालयाच्या चिठ्ठीसह द्यावे लागते. भारतातून आणलेली गोळ्यांची पट्टी, पुडीत बांधलेले आयुर्वेदिक चूर्ण किंवा होमिओपॅथीच्या बिननावाच्या कुप्या गटप्रमुख स्वीकारत नाहीत. नियमित औषध चालू असेल तर ते येथील डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे आणि वैद्यकीय संमतीपत्रात त्याच नावाने नोंदवावे.